ऑल-व्हील ड्राइव्ह असूनही गाडी बर्फात का घसरते?

दर वर्षी पहिला दमदार बर्फ पडला की दोन दिवसांत फोन येतोच. आवाज बदलतो, वाक्य बदलत नाही: "दादा, गाडी ऑल-व्हील आहे ना, मग स्टॉप साइनला थांबली का नाही?"

मी पुण्याहून एमएसला आलो ते थेट होटनला, मिशिगन टेकमध्ये. मिशिगनचा हा वरचा तुकडा, अप्पर पेनिन्सुला, लेक सुपीरियरमध्ये शिरलेला आहे. इथली माणसं त्याला 'यूपी' म्हणतात, त्यामुळे घरी फोनवर पहिले सहा महिने "यूपीत एवढा बर्फ?" हे ऐकावं लागलं. तलावावरून येणारा वारा वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फ करून टाकतो. होटनच्या उत्तरेला यूएस-४१ रस्त्याच्या कडेला एक उंचच उंच फळा उभा आहे, त्यावर कीविनॉ परगण्यातल्या बर्फाचं माप असतं. विक्रम १९७८-७९ च्या हिवाळ्याचा: ३९०.४ इंच, म्हणजे जवळपास १० मीटर. त्याच भागात विद्यापीठाचं कीविनॉ रिसर्च सेंटर आहे आणि तिथे हिवाळ्यात गाड्यांच्या चाचण्या चालतात. थोडक्यात, चुका करायला आणि त्या समजून घ्यायला याहून चांगली शाळा मिळाली नसती. आता डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. इथे बर्फ त्या मानानं किरकोळ, पण चारही चाकांना ताकद देणाऱ्या ऑल-व्हील गाड्या आणि मराठी घरं दोन्ही भरपूर. म्हणून फोन माझ्याकडे येतात. एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी सांगा, बर्फ कुठला होता?

आपल्याकडे फ्रीजरमधला, उसाच्या रसातला आणि हिमालयातला, सगळा बर्फच. गाडीला हा एक शब्द पुरत नाही. मी फोनवर तीन प्रकार विचारतो. एक, भुसभुशीत: नुकता पडलेला, बुटाखाली करकरणारा. दोन, दाबलेला: शंभर गाड्या जाऊन रस्त्यावर थापून बसलेला. तीन, काच: वितळून पुन्हा गोठलेला पातळ पापुद्रा, ज्याला इथे ब्लॅक आइस म्हणतात, कारण खालचा काळा डांबरी रस्ताच दिसतो, बर्फ दिसत नाही.

ऑल-व्हील ड्राइव्हचा खरा उपयोग पहिल्या प्रकारात, बऱ्यापैकी दुसऱ्यात. काचेवर चारही चाकं सारखीच निराधार. आणि एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा: काच सगळ्यात निसरडी असते ती शून्य अंशाच्या आसपास, कारण तिच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे २० ला तोच बर्फ टायरला जास्त धरतो. त्यामुळे "आज हवा बरी आहे" असं वाटणारी मार्चमधली सकाळ जानेवारीतल्या कडाक्यापेक्षा घातक ठरू शकते. पुलांवर आणि उड्डाणपुलांवर काच आधी धरते, खालून वारा लागतो म्हणून. शिवाय रस्त्यावर मीठ टाकलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. उणे ९-१० च्या खाली साध्या मिठाचा जोर फार कमी होतो.

निघते झकास, थांबत नाही

दहापैकी आठ फोन याच तक्रारीचे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचवणारी यंत्रणा. तिचा संबंध ॲक्सलरेटरशी. ब्रेक तर जगातल्या प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतात, अगदी जुन्या मारुती आठशेतसुद्धा. म्हणजे थांबण्याच्या बाबतीत शेजारच्यांची साधी फ्रंट-व्हील सेडान आणि तुमची ऑल-व्हील एसयूव्ही एकाच पातळीवर. थांबवतो तो टायरचा रस्त्याला चिकटलेला भाग, चार मिळून चार तळहातांएवढा. बाकी सगळं त्या तळहातांच्या भरवशावर.

आकडे मांडून बघू. ताशी ३० मैल, म्हणजे ४८ किमीचा वेग. कोरड्या डांबरावर घर्षणगुणक, म्हणजे टायर रस्त्याला किती धरतो त्याचा आकडा, ०.८ च्या आसपास असतो. ब्रेक लागल्यावर गाडी साधारण १२ मीटरमध्ये उभी राहते. दाबलेल्या बर्फावर साध्या ऑल-सीझन टायरला ०.२ मिळाला तर ४६ मीटर. चांगल्या स्नो टायरनं तोच ०.३ झाला तर ३१ मीटर. आणि काचेवर ०.१ धरला तर ९२ मीटर. यात तुमच्या पायाला ब्रेकपर्यंत जायला लागणारा वेळ धरलेला नाही. त्या एका सेकंदात आणखी १३ मीटर जातात. ४६ आणि ३१ यांतला फरक म्हणजे तीन गाड्यांची लांबी. यातल्या एकाही आकड्यात 'ऑल-व्हील' हा शब्द कुठे आला नाही, हे बघा.

मग ऑल-व्हीलवालेच जास्त का घसरतात? माझं मत असं, की ही यंत्रणा आपलं काम फार चोख करते म्हणून. फ्रंट-व्हील गाडी घराबाहेर पडतानाच कुरकुरते. चाकं फिरतात, नाक डावीकडे-उजवीकडे जातं, पहिल्याच सिग्नलला निघताना तुम्हाला कळून चुकतं की आज रस्ता वाईट आहे. ऑल-व्हील गाडी ती सगळी कुरकुर गिळून टाकते. कोरड्या रस्त्यासारखी निघते, कोरड्या रस्त्यासारखा वेग धरते. रस्ता वाईट आहे ही बातमी तुम्हाला पहिल्यांदा मिळते ती ब्रेक दाबल्यावर, आणि तेव्हा ती ऐकायला उशीर झालेला असतो.

मला ती होटनच्या दुसऱ्या हिवाळ्यात मिळाली. एका सीनियरकडून जुनी ऑल-व्हील वॅगन घेतली होती. पुलापलीकडच्या हँकॉकमध्ये क्विन्सी हिल नावाचा खडा चढ आहे. वर जाताना गाडी अशी सरसर चढली की मी मनातल्या मनात तिची दृष्ट काढली. अर्ध्या तासानं त्याच वाटेनं उतरताना वळणाच्या अलीकडे ब्रेक दाबला, पायाखाली एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) खडखडलं आणि गाडी अगदी शांतपणे, सरळ रेषेत, वळणाकडे दुर्लक्ष करून कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन बसली. माझं काही बिघडलं नाही, गाडीचा बंपर गेला. टायरची नक्षी नंतर मोजली: ४ बत्तिसांश इंच. वर चढवायला ती पुरली होती, खाली थांबवायला पुरली नाही.

तर तपासणी पहिली: टायर. अमेरिकेत खाचांची खोली बत्तिसांश इंचात मोजतात. नवा टायर १० किंवा ११ चा असतो. कायद्याची किमान मर्यादा बहुतेक राज्यांत २, म्हणजे १.६ मिलिमीटर, भारतातही तीच. पण बर्फात ६ च्या खाली, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या खाली, ऑल-सीझन टायर नावापुरताच उरतो. कोलोरॅडोचं उदाहरण बोलकं आहे. तिथे आय-७० महामार्गावर डॉटसेरो ते मॉरिसन या डोंगराळ पट्ट्यात सप्टेंबर ते मे नियम लागू असतो, आणि तो नुसतं ऑल-व्हील बघून गाडी सोडत नाही. ऑल-व्हील असली तरी टायरची खोली ३/१६ इंच, म्हणजे तेच ६ बत्तिसांश, मागतो. कॅनडात क्वेबेकनं तर हा वादच ठेवला नाही: १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे, गाडी दोन चाकांवर चालो की चार.

तपासणी दुसरी: टायरच्या अंगावरचं चिन्ह. 'एम प्लस एस' ही अक्षरं बघून हुरळू नका. ती नक्षीच्या रचनेवर मिळतात, त्यासाठी बर्फात चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह हवं. ते मिळवायला टायरला बर्फात चाचणी द्यावी लागते. पण अमेरिकेत वापरली जाणारी ती चाचणीही सरळ रेषेत जोर लावताना टायर किती धरतो याची आहे. काचेवर थांबण्याची किंवा वळण्याची नाही. म्हणून डोंगराचं चिन्ह असलेला, बारमाही ऑल-वेदर टायर आणि अस्सल स्नो टायर यांत फरक उरतोच.

फरक रबराचा. साध्या टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली ताठर व्हायला लागतं; फ्रीजमधून काढलेल्या आणि बाहेर राहिलेल्या लोण्यात जसा फरक पडतो तसा. स्नो टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात. चिरांच्या कडा बर्फाला चावतात. शिवाय खाचांत बर्फ अडकलेला बरा, कारण बर्फ बर्फाला धरतो. होळीच्या पुरणासारखे दोन गोळे एकमेकांना चिकटावेत तसा. ही कल्पना नवी नाही. फिनलंडमधल्या नोकिया गावच्या टायर कारखान्यानं पहिला हिवाळी टायर १९३४ मध्ये काढला, तोही ट्रकसाठी. ऑल-व्हील मोटारी घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी तिकडची माणसं हिवाळा काढत होती, ती टायरवर.

डेट्रॉइटसारख्या ठिकाणी, जिथे प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ बाजूला ढकलणारी गाडी, तासाभरात येतो, ऑफिस पाच मैलांवर आहे, तिथे डोंगराच्या चिन्हाचा ऑल-वेदर टायर बारा महिने चालतो. मी तोच वापरतो. पण होटन, बफेलो, माँट्रियल किंवा उतारावरचं घर असेल तर चार स्नो टायर घ्या. चार म्हणतोय, दोन नाही. पुढे दोन स्नो टायर आणि मागे जुने लावले की ब्रेक लावल्यावर पुढचा भाग थांबतो आणि मागचा भाग पुढे यायला बघतो.

आणि एक छोटा प्रयोग. बर्फ पडलेल्या सकाळी, गल्लीत मागेपुढे कुणी नाही असं बघून, ताशी १५ मैलांवर एकदा ब्रेक दाबून बघा. एबीएस लगेच खडखडलं तर समजा आज काय ते. खडखडतंय म्हणून पाय उचलू नका, दाबून ठेवा. मोडलंय असं वाटून पाय काढणारे खूप भेटतात. ऑल-व्हील गाडी जी बातमी दडवते, ती अशी मुद्दाम काढून घ्यावी लागते.

चढावर अर्ध्यात जाऊन चाकं फिरत राहतात

इथे मात्र ऑल-व्हीलची जात विचारावी लागते, कारण मागच्या दारावरची पाटी एकच असली तरी आतलं यंत्र फार वेगवेगळं असतं.

ऑडीनं १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वात्रो ही ऑल-व्हील गाडी आणली. तिच्या वाणातल्या आणि सुबारूच्या गाड्यांत ताकद कायम दोन्ही ॲक्सलांकडे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोड्यांकडे, जाते. आजच्या बहुतेक फॅमिली एसयूव्ही मात्र मुळात फ्रंट-व्हील असतात. मागच्या ॲक्सलपाशी चकत्यांचा एक क्लच असतो, त्याला कपलिंग म्हणतात. पुढची चाकं घसरली, किंवा घसरतील असा संगणकाला संशय आला, की तो चकत्या दाबतो आणि मागे ताकद जाते. फोक्सवॅगन गटानं १९९८ च्या सुमारास हॅल्डेक्स नावाच्या स्वीडिश कपलिंगपासून ही पद्धत रुळवली. तिसरी जात हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांची: पुढून मागे दांडाच नाही, मागच्या चाकांना स्वतंत्र मोटर. ती मोटर केवढी, हे बघणं भाग आहे. २०१९ च्या टोयोटा प्रियसच्या ऑल-व्हील आवृत्तीत मागची मोटर जेमतेम ७ अश्वशक्तीची होती आणि ताशी ७० किमीपर्यंतच मदत करायची. टोयोटाच्याच त्याच वर्षीच्या रॅव्ह-४ हायब्रिडमध्ये ५४ अश्वशक्तीची. पार्किंगमधून निघायला ७ ही पुरतात, पण त्यावर डोंगर चढण्याचे बेत करू नयेत.

चढावर अडलात तर क्रम असा. स्नो मोड असेल तर आधीच, खाली सपाटीवर लावा. तो ॲक्सलरेटर बोथट करतो, म्हणजे पायाच्या झटक्यानं चाकं सुटत नाहीत. चढायला लागण्याआधी थोडी गती घ्या आणि चढावर ती सांभाळा. पुढची गाडी वर पोचेपर्यंत खाली थांबा. क्विन्सी हिलवर मधे अडलेली गाडी म्हणजे तिच्यामागच्या सगळ्यांची वाट. चाकं फिरायला लागली तर पाय आणखी दाबू नका, हलका करा. फिरणारं चाक खालचा बर्फ वितळवतं आणि स्वतःसाठी काच तयार करतं. तरी जमत नसेल तर सरळ रेषेत, इंजिनाच्या जोरावर, हळू मागे उतरा आणि पुन्हा प्रयत्न करा. वाटेत गाडी वळवायच्या फंदात पडू नका.

उतारावर खालचा गिअर. ऑटोमॅटिकमध्ये 'एल', 'बी' किंवा मॅन्युअल मोड. काही जणांचा समज असतो की ऑल-व्हील गाडी इंजिन ब्रेकिंग चारही चाकांनी करते. कायमच्या ऑल-व्हीलमध्ये ते खरं आहे. कपलिंगवाल्या अनेक गाड्या मात्र एबीएस जागं झालं की कपलिंग सोडून देतात, म्हणजे प्रत्येक चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावता यावा. म्हणून खालचा गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका, घसरायला लागल्यावर नाही. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) तर बर्फात लावूच नका.

पार्किंगमध्ये वळताना गाडी उड्या मारल्यासारखी करते

हा बर्फाचा आजार वाटतो, पण बहुतेक वेळा नसतो.

पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू चालवताना मागून धक्के, कण्हल्यासारखा आवाज. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो फरक कपलिंगनं सोडून द्यायचा असतो. तो सुटत नाही तेव्हा गाडी अडखळते. कारण नंबर एक: मागच्या कपलिंगचं किंवा डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) तेल जुनं झालंय. इंजिन ऑइल सगळे वेळेवर बदलतात, हे तेल आहे हेच कित्येकांना माहीत नसतं. मॅन्युअलमध्ये त्याची वेगळी मुदत दिलेली असते, आणि प्रकारही वेगळा. दुसरं कुठलं तेल चालणार नाही.

कारण नंबर दोन: चार टायर सारखे नाहीत. हे मी पैसे देऊन शिकलो. एक टायर खिळ्यानं गेला, गावातल्या दुकानदारानं एकच नवा लावून दिला, मीही "वाचले पैसे" म्हणून घरी आलो. नव्या टायरचा घेर झिजलेल्यापेक्षा मोठा, म्हणजे तो मैलामागे कमी फेरे घेतो. गाडीच्या मते ते एक चाक सतत, कोरड्या रस्त्यावरही, इतरांपेक्षा वेगळं वागतंय. कपलिंग बिचारं दिवसभर तो तंटा मिटवत बसतं आणि तापतं. दोन आठवड्यांत धक्के सुरू झाले. साधारण नियम असा की चारही टायरांच्या खोलीत २ ते ३ बत्तिसांशांपेक्षा जास्त फरक नको. सुबारू तर घेरात पाव इंचाच्या आत राहायला सांगते. एकच बदलावा लागला तर अमेरिकेत नवा टायर तासून बाकीच्यांच्या मापाचा करून देणारे विक्रेते आहेत. ऐकायला वेडेपणा वाटतो, चार नव्या टायरांपेक्षा स्वस्त पडतो.

याच कारणानं, बारकी स्टेपनी लावून ऑल-व्हील गाडी लांब पळवू नका. जुन्या ऑटोमॅटिक सुबारूंत बॉनेटखाली एक फ्यूज लावायची रिकामी जागा असे; स्टेपनी लावली की तिथे फ्यूज खोचायचा, मागची चाकं सुटी व्हायची. आता ती सोय बहुतेक गाड्यांत राहिलेली नाही.

फोर-बाय-फोर थार, जिम्नीवाल्यांसाठी एक वाक्य: तुमची गाडी ऑल-व्हील नाही, पार्ट-टाइम फोर-व्हील आहे. फोर-एच (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) टाकलं की पुढचे-मागचे ॲक्सल एकत्र जखडले जातात, म्हणून कोरड्या डांबरावर वळताना ती उड्या मारणारच, तिथे टू-एचवर (दोनच चाकांवर) या. अटल बोगद्याच्या पलीकडे बर्फ पडला की मनालीहून अनेकदा फक्त फोर-बाय-फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच वर सोडतात. पुण्या-मुंबईहून गेलेली मंडळी त्या परवानगीला सुरक्षिततेचं प्रमाणपत्र समजतात. टायर तर तेच, उन्हाळ्यातल्या महामार्गाचे. साखळ्या घेऊन जा आणि त्या लावायचा सराव घरच्या अंगणात करा, उणे पाचात बोटं बधिर झालेली असताना नाही.

डॅशबोर्डवर दिवा लागला

टायरचा दिवा: थंडीनं हवा आकसते. दर साडेपाच अंशांना साधारण १ पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) कमी होतो. ऑक्टोबरात भरलेली हवा जानेवारीत ४-५ पीएसआय कमी दाखवणार. सकाळी गाडी गार असतानाच भरा.

'ऑल-व्हील सिस्टीम गरम झाली' असा संदेश: खोल बर्फात बराच वेळ चाकं फिरवली की कपलिंगच्या चकत्या तापतात आणि गाडी स्वतःला वाचवायला मागची चाकं सोडून देते. नेमकी तेव्हा, जेव्हा तुम्हाला ती हवी असतात. काही बिघडलेलं नसतं. गिअर पार्कमध्ये टाका, इंजिन चालू ठेवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. कोरड्या रस्त्यावर हाच दिवा लागला तर मात्र वर सांगितलेले टायर मोजा.

'रडार बंद' किंवा तसला काही संदेश: समोरच्या लोगोवर किंवा बंपरवर, जिथे पुढची गाडी बघणारं रडार असतं, बर्फ थापला गेलाय. हातानं काढा. निघताना टपावरचाही काढा. नाहीतर पहिल्या ब्रेकला सगळा पुढच्या काचेवर येतो.

रुतली

ऑल-व्हील एसयूव्हीची पोटाखालची उंची २० सेंटिमीटरच्या आसपास असते. बर्फ त्याहून खोल असेल तर गाडी त्यावर पोट टेकते, चाकांवरचा भार कमी होतो आणि चारही चाकं हवेत भोवरे होतात. बहुतेक जण रुततात ते जंगलात नाही, स्वतःच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी. प्लाऊ रस्ता साफ करत जातो आणि तुमच्या दारात बर्फाचा बांध घालून जातो. तो बर्फ भुसभुशीत नसतो, ओला, दाबलेला, गोट्यांचा असतो. "ऑल-व्हील आहे, निघेल" म्हणून त्यात गाडी घालू नका. फावड्याची दहा मिनिटं, नाहीतर टो ट्रकचे दोन तास.

रुतलातच तर सगळ्यात आधी सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढा. ती बुजलेली असताना इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, म्हणून ही पायरी कधीच वगळू नका. मग चाकांच्या पुढचा-मागचा आणि पोटाखालचा बर्फ उपसा. स्टिअरिंग सरळ करा.

आता ते गाडी घसरल्याच्या चित्राचं बटण दाबून ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. याची लोकांना भीती वाटते. पण चाक फिरलं की संगणक इंजिनाची ताकदच कापतो, आणि रुतलेल्या गाडीला थोडं फिरणारं चाक लागतं. अनेक गाड्यांत बटण दाबल्यावरही फिरणाऱ्या एका चाकाला ब्रेक लावून त्याच ॲक्सलवरच्या दुसऱ्या चाकाला ताकद देण्याचं काम चालू राहतं, त्यामुळे ऑल-व्हील पूर्ण पांगळी होत नाही. हळू पुढे, हळू मागे, झुल्यासारखं. दिशा बदलताना चाकं पूर्ण थांबू द्या, नाहीतर गिअरबॉक्सचं बिल येतं. स्पीडोमीटर ५० किमीच्या वर जाऊ देऊ नका. गाडी जागेवर असली तरी टायर तेवढ्या वेगानं फिरत असतो आणि फुटू शकतो. पाच-सहा झोक्यांत हलली नाही तर थांबा, पुन्हा उपसा. चाकाखाली वाळू किंवा मांजराची लिटर (मांजराच्या शू-शीसाठी ठेवतात ती दाणेदार माती) टाका. पायपुसणं टाकायचंच असेल तर मागे कुणी उभं नाही ना ते बघा. ते गोळीसारखं सुटतं. बाहेर पडल्यावर ट्रॅक्शन कंट्रोल आठवणीनं परत चालू करा.

हायवेवर ६० मैलांच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं

काल रुतली होती का? मग रिमच्या आत बर्फ गोठून बसलाय, एका बाजूला वजन आलंय. चाकांच्या अलाइनमेंटला पैसे घालवण्याआधी गरम पाण्याचा कार वॉश करा. लगेच उणे १५ मध्ये उभी करणार असाल तर मात्र हँडब्रेक ओढू नका, नुसतं पार्कमध्ये ठेवा. ओला ब्रेक रात्रीत गोठतो.

स्नो टायर कधी काढायचे?

हवा सलग ७ अंशांच्या वर राहायला लागली की. डेट्रॉइटला एप्रिलच्या मध्यावर, होटनला घाई करू नका. उन्हात तेच मऊ रबर भराभर झिजतं, म्हणून ठेवूनही घेऊ नका. काढताना प्रत्येक टायरवर तो कुठल्या कोपऱ्यातला ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुढचे मागे टाकले की चौघांची झीज सारखी राहते आणि कपलिंग तक्रार करत नाही. माझ्या गराजमध्ये खडूनं 'पु.डा.', 'पु.उ.', 'मा.डा.', 'मा.उ.' लिहिलेले चार टायर रचलेले असतात. गेल्या वर्षी ते बसवणाऱ्या पोरानं विचारलं, ही कुठली कंपनी?